शेवट ठाऊक असलेली गोष्ट : ऐतिहासिक प्रेमकादंबरीची ओढ

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम? ऐतिहासिक कादंबऱ्या, त्यातल्या प्रेमकथा, लढाया, वाडे, पालख्या हा दुपारी जेवणानंतर वाचायचा मामला. पण जी गोष्ट हजारो माणसं पुन्हा पुन्हा करतात, शेवट आधीच माहीत असूनही करतात, आणि तिच्यापायी प्रसंगी एकमेकांशी भांडतातसुद्धा, तिच्यात विचार करण्यासारखं काही नसेल असं आपण कसं म्हणावं?

सुरुवात एका शब्दापासून करू. इंग्रजीत 'नॉव्हेल' म्हणजे नवं काहीतरी. आपण मराठीत त्याला 'कादंबरी' म्हणतो, आणि कादंबरी हे एका नायिकेचं नाव आहे. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाने जी प्रेमकथा रचली, तिची ही नायिका. म्हणजे एका विशिष्ट प्रेमकथेचं नाव आपण साऱ्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. याच बाणभट्टाने 'हर्षचरित' लिहिलं, ज्याचा नायक त्याच्या डोळ्यांसमोर राज्य करत होता. जुन्या साहित्यशास्त्राने या दोहोंना वेगवेगळी नावं दिली : कल्पनेतून उभी राहते ती कथा, घडलेल्यावर आधारलेली ती आख्यायिका. लेखक एकच, पण वाचकाशी केलेले करार दोन. आजची ऐतिहासिक प्रेमकादंबरी हे दोन्ही करार एकाच पुस्तकात करते. तिची गोडीही त्यात आहे आणि तिचा धोकाही त्यातच आहे, असं आम्हाला वाटतं.

आधी थोडा इतिहास पाहू. वॉल्टर स्कॉटची 'वेव्हर्ली' १८१४ मध्ये आली आणि युरोपात या प्रकाराची घडी बसली. १७४५ च्या स्कॉटिश बंडाच्या काळात एक साधा तरुण दोन्ही पक्षांत वावरतो. दोन स्त्रियांकडे त्याचं मन ओढ घेतं, त्यातली एक बंडाशी मनाने बांधलेली, दुसरी घराकडे नेणारी. आता हे पाहा की त्याचं प्रेम हे इतिहासात शिरण्याचं दार झालं. राजकारणातले दोन पक्ष त्याने वाद घालून समजून घेतले नाहीत, माणसांत गुंतून समजून घेतले. ल्युकाच या हंगेरियन तत्त्वज्ञाने ऐतिहासिक कादंबरीवरच्या १९३७ च्या आपल्या ग्रंथात हेच हेरलं. स्कॉटचा नायक मध्यम प्रतीचा माणूस असतो, आणि इतिहासातली थोर माणसं कडेने येऊन जातात.

मराठीत रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' पुस्तकरूपाने १८७१ मध्ये निघाली. शिवकाळातली, पण कल्पित कथा. मग हरिभाऊ आपटे आले. त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी 'म्हैसूरचा वाघ' मेडोज टेलरच्या टिपूवरच्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली होती. पण पुढे 'करमणूक'मधून 'उषःकाल' येऊ लागली तेव्हा गोष्ट आपली झाली. 'उषःकाल'मध्ये शिवाजी महाराज आहेत, तरी कथेचा मोठा भार काल्पनिक माणसांवर आहे. त्या माणसांनी कुणावर प्रेम केलं, कुणाशी ताटातूट झाली, यावरून आपल्या कुणाच्या पूर्वजाला धक्का लागत नव्हता.

१९६० नंतर मात्र एक बदल झाला, आणि तो पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची. तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ ची, शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ ची. यांत कडेने येऊन जाणारा थोर माणूस थेट मध्यभागी आला. आता प्रेम करतात ते थोरले माधवराव, बाजीराव. वाचक त्यांच्या दिवाणखान्यातून थेट शयनगृहापर्यंत जातो. स्कॉटचं दार उलट्या बाजूने उघडलं, असं म्हणा ना. पूर्वी प्रेमातून आपण इतिहासात जात होतो, आता इतिहासातून प्रेमात जाऊ लागलो.

मग प्रश्न असा की आपण का जातो? सोपं उत्तर तयार असतं : वर्तमानातून पळ काढायला. दुसरं सोपं उत्तर : अभिमानासाठी. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी. पळच काढायचा तर माणूस सुखान्त कथा निवडेल. 'स्वामी'च्या शेवटी काय आहे? सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने मृत्यू. 'राऊ'च्या शेवटी? ताटातूट. आणि अभिमानाचंच म्हणाल, तर पानिपतावरच्या कादंबऱ्या, नाटकं, पोवाडे आपण इतक्या हौसेने का ऐकतो? तो तर पराभव आहे.

इथे ॲरिस्टॉटलची मदत होते. काय घडलं ते इतिहासकार सांगतो, काय घडू शकतं ते कवी सांगतो, हा त्याचा भेद आपल्याला शिकवलेला असतो. पण त्याच प्रकरणात तो पुढे जे म्हणतो ते आपण विसरतो. शोकांतिकाकार जुनीच, खऱ्या माणसांची म्हणून चालत आलेली नावं का घेतात? कारण जे घडलं ते शक्य होतं, याबद्दल वाद उरत नाही. शक्य ते पटतं. म्हणजे 'हे खरंच घडलं' या शिक्क्याचा उपयोग कथेला विश्वास मिळवून देण्यासाठी होतो. कल्पित नायक सत्तावीस वर्षांचा होऊन मेला, तर वाचक लेखकावर चिडेल, 'कशाला मारलास?' म्हणेल. माधवराव गेले यावर मात्र कुणाला तक्रार करायची? १८ नोव्हेंबर १७७२, थेऊर. तिथे लेखकाचा इलाज नाही आणि आपलाही नाही.

आपल्याकडे नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त हाच विषय दुसऱ्या टोकाने धरला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : नुसती घडलेली हकीकत पोचवून कवीचं काम होत नाही, ते इतिहासाने भागतंच. ऐकीव कथेत रसाला प्रतिकूल काही आलं तर ते बाजूला सारून कवीने रसाला जुळेल असं रचावं. ॲरिस्टॉटल कवीला घडलेल्याचा आधार देतो, तर आनंदवर्धन त्याला घडलेल्यातून सूट देतो. दोन्ही सल्ले आपल्या कादंबरीकारांनी मानले. आधार घेतला आणि सूटही घेतली. हिशेब चुकतो तो इथेच. पण त्याकडे नंतर येऊ.

आम्हाला या ओढीचं खरं कारण वेगळं दिसतं. इतिहासाचं पुस्तक वाचताना एक गोष्ट आपल्या हातून नकळत होते. माधवराव १७७२ ला वारले हे आपल्याला माहीत असतं, म्हणून १७६१ साली सोळाव्या वर्षी गादीवर आलेला तो मुलगा आपल्याला पहिल्या पानापासूनच 'अल्पायुषी पेशवा' दिसतो. त्याच्याकडे तर पुढची सगळी वर्षं होती! १७६२ मध्ये आळेगावला काकांपुढे नमतं घेताना, १७६३ ची राक्षसभुवनची लढाई जिंकताना, त्याला आपण अल्पायुषी आहोत हे माहीत नव्हतं. जो आपला भूतकाळ आहे तो त्याचा भविष्यकाळ होता. इतिहास लिहिताना हे भविष्य पुसलं जातं, आणि चांगली कादंबरी ते त्या माणसाला परत देते.

आणि भविष्याची भाषा सर्वात जास्त कुठे बोलली जाते? प्रेमात. 'मोहिमेहून परत आलो की,' 'पुढच्या पावसाळ्यात,' 'प्रकृती सुधारली की.' दोन माणसं एकमेकांना देतात तो शेवटी काळच असतो. म्हणून शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला पात्रांचं साधं बोलणंसुद्धा हलवून सोडतं. त्यांना ठाऊक नाही, आपल्याला आहे, आणि आपण त्यांना सांगू शकत नाही. या असहाय्यतेतली गोडी दुसऱ्या कुठल्या साहित्यप्रकारात इतकी मिळत नाही. आपला स्वतःचा शेवट आपल्याला ठाऊक नाही, पण कुणाला तरी पुढे ठाऊक असणार आहे, ही जाणीवही तिच्यात कुठेतरी असते.

दुसरं कारण कागदपत्रांचं आहे. इतिहासाची साधनं म्हणजे काय? पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात संपादून काढले. कागद अफाट आहेत, पण ते कसले? जमाखर्च, सनदा, मोहिमेच्या बातम्या, कर्जाचे तगादे. राज्य चालवायला जे लिहून ठेवावं लागतं ते राहिलं. जे शेजारी बसून बोलता येतं ते कोण लिहून ठेवणार? रमाबाईंचा उल्लेख कागदांत येतो तो मोजका. त्या काय बोलल्या, कशाला हसल्या, कशाला घाबरल्या, याची नोंद करायचं कुणालाच कारण नव्हतं.

मस्तानीचं तर आणखी अवघड. जी पत्रं तिच्याबद्दल बोलतात त्यातली बरीचशी तिला विरोध करणाऱ्या घरच्या मंडळींची आहेत. म्हणजे ती आपल्यापर्यंत पोचते ती 'घरातला पेच' म्हणून. बरं का, भाषेतही पाहा : आपण 'रमाबाई त्या' म्हणतो आणि 'मस्तानी ती' म्हणतो. आम्हीही आत्ता तेच केलं. वाड्यातल्या मंडळींची नजर आपल्या क्रियापदांतून अजून गेलेली नाही. तिच्या मुलाने, समशेर बहाद्दराने, पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढून जखमा घेतल्या आणि त्यातच त्याचा अंत झाला. हे माहीत झालं की त्या सर्वनामाचा थोडा संकोच वाटतो. तेव्हा इनामदारांसारखा लेखक या शांततेत शिरून दोन माणसांचं बोलणं ऐकू पाहतो, त्याला आम्ही निव्वळ मनोरंजन म्हणणार नाही. दफ्तराने ज्यांना जागा दिली नाही त्यांना कुणीतरी जागा द्यायला हवी होती.

आता हिशेब चुकतो कुठे? कॉलिंगवूड हा इंग्रज तत्त्वज्ञ स्वतः पुरातत्त्वात काम केलेला माणूस. त्याच्या 'द आयडिया ऑफ हिस्टरी' या १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने एक गोष्ट धीटपणे मान्य केली : इतिहासकारही कल्पनाच करतो. दोन पुराव्यांमधली फट तो कल्पनेनेच भरतो, कादंबरीकारासारखीच. मग फरक काय? कादंबरीकाराचं चित्र आतून सुसंगत असलं की झालं. इतिहासकाराच्या चित्राला शिवाय ठराविक स्थळकाळात बसावं लागतं, इतर सगळ्या इतिहासाशी जुळावं लागतं आणि पुराव्यापुढे उत्तर द्यावं लागतं. कल्पना दोघांची, जबाबदारी वेगळी. कादंबरी वाचून झाल्यावर आपण ही जबाबदारी विसरलो की वाक्य कादंबरीकाराचं असतं आणि पुरावा म्हणून वापरतो आपण.

याचं सर्वात बोलकं उदाहरण संभाजी महाराजांचं. बखरींतून आणि जुन्या इतिहासांतून त्यांची एक उच्छृंखल प्रतिमा चालत आली होती. तिच्यावर नाटकं, कादंबऱ्या आणि पुढे चित्रपट उभे राहिले, आणि प्रत्येकात एखादी प्रेमकथा जोडली गेली. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास'मधली तुळशी हे काल्पनिक पात्र. पण रसाची ताकद अशी की काल्पनिक तुळशीने खऱ्या राजाच्या चारित्र्यावर सावली टाकली. मग १९६० साली वा. सी. बेंद्र्यांनी अनेक वर्षं साधनं धुंडाळून चरित्र लिहिलं, १९७१ मध्ये कमल गोखल्यांचा 'शिवपुत्र संभाजी' आला, आणि चित्र बदललं. ते लोकांच्या मनात उतरलं मात्र बरंचसं 'छावा'मुळे. म्हणजे पाहा, एका काल्पनिक कृतीने केलेली इजा संशोधनाने दाखवून दिली, आणि ती भरून काढली पुन्हा कादंबरीने. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रात्रीत उखडला गेला. गडकरी १९१९ साली गेले होते. जवळपास शंभर वर्षांनी एका अपुऱ्या नाटकाचा राग पुतळ्यावर निघाला. पुतळा उखडणं हे आम्हाला उत्तर वाटत नाही, कारण उत्तर बेंद्र्यांनी त्याआधी ५६ वर्षांपूर्वीच दिलं होतं, कागद वाचून. पण ज्यांना 'शेवटी गोष्टच ती, तिने काय होतंय' असं वाटतं, त्यांनी हा प्रसंग आठवावा.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. 'स्वामी'च्या अखेरीस रमाबाई सती जातात. हे घडलेलं आहे, थेऊरला त्यांचं स्मारक आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाचक तिथे रडले, आणि आम्हीही रडलो आहोत, त्यात लपवायचं काय? पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने अश्रू पुसल्यावर विचारायलाच हवं की आपण नेमके कशासाठी रडलो? एका तरुण बाईच्या मृत्यूसाठी, की त्या मृत्यूला प्रेमाची पूर्तता मानून? पहिल्यात करुण रस आहे. दुसऱ्यात एक मत आहे, आणि ते रसाच्या आडून आत येतं. मुंबई इलाख्यात सतीची चाल १८३० मध्ये कायद्याने बंद झाली. कायद्याने बंद झालेली गोष्ट मनात सुंदर होऊन राहू शकते, आणि तिला राहायला जागा प्रेमकथेतच मिळते.

इथे कुणी म्हणेल, त्या काळाला आजच्या फूटपट्ट्या लावू नका. बरोबर, लावू नये. म्हणून आपण जुनीच फूटपट्टी घेऊ, बाणभट्टाची. त्याच्या 'कादंबरी'त महाश्वेतेचा प्रियकर पुंडरीक मरतो. ती मरायला निघते. पण एक दिव्य पुरुष तिला अडवतो, पुन्हा भेट होईल म्हणतो, आणि ती अच्छोद सरोवराच्या काठी वाट पाहत राहते. पुढे ती आपण त्याच्यामागे मेलो नाही याबद्दल स्वतःला दोष देते, तेव्हा चंद्रापीड तिला काय सांगतो? मागून मरणं ही निष्फळ, अजाण माणसांची वाट आहे, त्याने गेलेल्याचं काहीच भलं होत नाही. हे सातव्या शतकातलं पुस्तक आहे, श्रोतेहो. ज्या प्रेमकथेवरून आपण कादंबरीला नाव दिलं, तिच्या पोटातच हा युक्तिवाद आहे. तेव्हा प्रेमकथेला सहगमन सुंदर करूनच दाखवावं लागतं, असं नाही.

महाश्वतेला पुंडरीक परत मिळतो, कारण ती कथा आहे. आता आख्यायिकेतली महाश्वेता पाहू. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाई मोहिमेत बरोबर होत्या, त्या परत आल्या. भाऊसाहेबांचा देह मिळाला, अग्नी दिला, असे वृत्तान्त होते, पण पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. त्या सवाष्ण म्हणून जगल्या. मग भाऊसाहेब म्हणवणारा एक तोतया उभा राहिला. काहींना तो खरा वाटला, आणि १७७६ मध्ये कोकणात त्याच्या बाजूने फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी तो पकडला गेला, चौकशी झाली आणि त्याला देहान्त शिक्षा झाली. पार्वतीबाई १७८३ मध्ये गेल्या.

या प्रकरणात आम्हाला आजचा सगळा विषय दिसतो. लोक त्या तोतयाच्या मागे का गेले? काहींचा राजकीय स्वार्थ होता, हे खरंच. पण स्वार्थाला भांडवल लागतं, आणि ते भांडवल होतं लोकांची इच्छा. भाऊसाहेब परत यावेत, पानिपताचा शेवट बदलावा, ती बाई वाट पाहते आहे तिला उत्तर मिळावं. ही इच्छा खोटी नव्हती, खोटा होता तो माणूस. आणि पुण्याच्या कारभाऱ्यांनी काय केलं? पुरावा तपासला. ज्यांनी भाऊसाहेबांना जवळून पाहिलं होतं त्यांच्या साक्षी घेतल्या. इच्छा कितीही खरी असली तरी ती ओळख पटवण्याचं साधन होऊ शकत नाही, हा निवाडा त्यात होता.

ऐतिहासिक प्रेमकादंबरी वाचताना आपल्यात ही दोन्ही माणसं असावीत, एवढंच आमचं म्हणणं. एक वाट पाहणारं आणि एक साक्षी तपासणारं. नुसतं पहिलं असलं तर कोणताही तोतया आपल्याला फसवेल, मग तो पुस्तकात असो की सभेत. नुसतं दुसरं असलं तर रुमालांतले जमाखर्च आपण बरोबर वाचू, पण तो खर्च करणारी माणसं जगत होती हे आपल्या ध्यानातच येणार नाही.

व्यवहारात काय करावं, असं नेहमी विचारलं जातं. साधं आहे. कादंबरी मन लावून वाचा, मध्येच इतिहास काढून तिचा रस मोडू नका. संपल्यावर मात्र दोन प्रश्न विचारा. यातलं कोणतं वाक्य लेखकाला कागदाने दिलं आणि कोणतं त्याने कागदाच्या शांततेतून ऐकलं? आणि मला यातलं जे सर्वात आवडलं, ते मला खरं असायला हवं आहे म्हणून तर खरं वाटत नाही ना? पहिल्या प्रश्नासाठी 'स्वामी'च्या शेजारी एखादं माधवरावांचं चरित्र ठेवलं तरी पुरे. दुसऱ्यासाठी पुस्तक लागत नाही.

इथे थांबू.